दहाव्याच्या दिवशीचे वायपर

गाड्यांचं निघालंच आहे तर सांगतो. दादाच्या दहाव्याला आम्ही त्याच्याच गाडीने नदीवर गेलो. वाटेत भुरभुर लागली म्हणून वायपर लावले, ते पुन्हा बंदच होईनात. बटण फिरवलं, किल्ली काढली, तरी कोरड्या काचेवर खर्र खर्र चालूच.

"राहू दे, आधी पिंडाचं पाय," मामा म्हणाले.

पिंड मांडला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना.

"जीव अडकला त्याचा कशात तरी. तू बोल," मामा मला म्हणाले.

मी हात जोडले. "दादा, तुया पोरीले मी शिकवीन." कावळा हलला नाही. "वहिनीले कोनी घराबाहेर काढनार नाही, मी आहो ना." तरी नाही. "दारूले हात लावत नाही, आईची आन!"

मामा हळूच म्हणाले, "तुयावर भरोसा नाही वाटते त्याले."

मी तिथेच हुंदके देऊन रडू लागलो.

तेवढ्यात बार्शीटाकळीत गॅरेज चालवणारा आमचा आतेभाऊ संजू ओरडला, "अबे, कावळे वायपरले भिऊन राहिले! गाडी पिंडासमोर कोनं लावली?" त्याने बॉनेट उघडून फ्यूजच्या डब्यातला रिले, म्हणजे वायपरची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी, उपसला. "हा चिकटला. बटनाचा काही दोष नाही."

वायपर थांबले. थोड्या वेळात कावळा उतरला, घास घेऊन उडाला.

मामांनी डोळे पुसले. "ऐकलं पाय त्यानं तुयं."

दादाने ऐकलं की रिले निघाला म्हणून झालं, हे सांगायला आता दादा नाही. म्हणून तिन्ही शब्द पाळतोय.