साखरेवरचा मैदा

'मीच त्याला बर्फात सोडून आलो' — एवढंच ऐकू आलं म्हणे, मामा, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पुढचं वाक्य शिट्टीत गेलं. ज्या बाईनं ऐकलं तिनं खोटं काही सांगितलेलं नाही — पण अर्धंच सांगितलं, आणि उरलेलं अर्धं लोकांनी आपापल्या घरी शिजवलं. तुमच्यापर्यंत काय आलं? दत्तप्रसाद दोस्ताला मरायला टाकून पळाला? बघा आता. म्हणजे मंडळाच्या हळदीकुंकवातून निघून बँकेत तुमच्या टेबलावर पोचेपर्यंत माणूस मेलासुद्धा. बसा हो — तिथे नको, तिथे एसीचं पाणी ठिबकतं — इकडे बसा. दत्तप्रसाद तुबलीला गेलाय, गॅरेजमध्ये कुठलासा जनरेटर उघडून ठेवलाय, शुक्रवारची सुट्टी असूनसुद्धा. येईल तासाभरात. त्याचं दार बंद म्हणून काय झालं, मी टेरेसा, इथे बहारीनला तीन वर्षं त्याची शेजारीण, तुमच्या भाचीच्या, नीलाच्या लग्नासाठी जी चौकशी करायची ती माझ्याकडे करा. त्याला विचारलंत तर तो तीन शब्द बोलेल, आणि त्यातले दोन 'हो मामा' असतील.

मुलगा कसा? मुलगा चांगला. दारू? मफी, अजिबात नाही. पत्ते? मफी. एकच खोड — डोंगर. सगळे सुट्टीवर जाताना टेपरेकॉर्डर घेतात, कंबल घेतात, टँगचे डबे घेतात आणि घरी जाऊन महिनाभर झोपतात. हा घरी चार दिवस राहतो, आणि मग पुण्याचा तो राजन, कॉलेजातला दोस्त, त्याला घेऊन मनालीच्या वर. तेही डिसेंबरात, जेव्हा तिथली माणसं मेंढ्या घेऊन खाली उतरतात. मी म्हटलं, मेल्या, बारा महिने घामानं निथळतोस म्हणून एवढा थंडीचा सोस? तर हसला. हसतो छान, ते भाचीला सांगा.

आता पळाला की नाही ते — थांबा, तोंडानं नाही कळायचं, परात आणते. मला पण त्यानं असंच दाखवलं होतं, ह्याच टेबलावर. ही साखर, ही पसरली. आता वरून मैदा, हातानं दाबून, जाड थर. हा बर्फाचा उतार, समजा. वरून कसा दिसतो? पक्का. केक ठेवावा असा. पण खालचा जुना बर्फ थंडीत सुटा होतो, साखरेच्या दाण्यासारखा, एकाला एक धरत नाही. आता परात जरा कलती करते — जरा, हां, अजून जरा — बघा. गेला की नाही अख्खा पाटासारखा? भुरुभुरु नाही, अख्खा. राहू द्या, मैदाच आहे, पँट झटकली की निघेल.

तर हे दोघं शेवटच्या उतारापाशी आले. माथा तासाभरावर. दत्तानं फावड्यानं खड्डा खणला, आत हात घालून बघितलं — खाली साखर. म्हणाला, राजन, परत फिरायचं. राजन म्हणाला, तू तिकडं बहारीनला वाळूत राहून भित्रा झालास. मामा, मी तुम्हाला सांगते, असं कोणी म्हटलं की पुरुष माणूस पुढेच जातो. माझा बर्नार्ड बुसैतीनला निघून रस्ता चुकला तर सगळं मुहर्रक फिरेल पण गाडी वळवणार नाही, आणि त्याला कोणी भित्रा म्हटलेलं पण नसतं, नुसती मी शेजारी बसलेली असते. दत्ता वळला. तासभर राहिलेला असताना वळला. आणि वळताना दोस्ताला म्हणाला, जाणारच असशील तर पाठपिशवीचे पट्टे सैल कर, आणि कमरेला ही लाल दोरी बांध. लांबलचक पातळ दोरी असते ती, नुसती मागे लोळत न्यायची. माणूस बर्फाखाली गेला तरी दोरी हलकी, तिचं टोक वर राहतं, म्हणजे कुठे खणायचं ते कळतं.

त्या दोरीचं — जाऊ दे. चहा टाकू? नको? बरं, सांगते, कोणाला तरी सांगायचंच होतं. मी वसईला निघाले होते, ऑक्टोबरात, कार्टन बांधायला दोरी कमी पडली. गच्चीवर एक लाल दोरी वाळत घातलेली, छान, मजबूत, नवीकोरी. मला वाटलं कोणाची तरी कपड्यांची आहे, चार मीटर कापली तर काय कळतंय. कापली. कार्टनवर बर्नार्डचं नाव लिहून त्या लाल दोरीनं बांधून मी मिरवत घरी गेले. आणि डिसेंबरात राजनच्या कमरेला जे बांधलं, ते माझ्या कार्टनमधून उरलेलं. राजन गेलाच पुढे, बर्फ सुटला, तो खाली गाडला गेला, आणि वर टोक राहिलं किती — वीतभर. दत्तानं असं बोटांनी दाखवलं मला, हसत हसत, मासे खाताना, त्याला बिचाऱ्याला माहीत नाही कोणी कापली. मी आणखी दोन मीटर कापली असती तर? तीन रविवार मी चर्चमध्ये मेणबत्ती लावलीय. तुम्ही त्याला सांगू नका. म्हणजे मी सांगेन, मीच सांगणार आहे, इंशाल्ला.

तर पळाला कुठं? टोक धरलं, खणलं, फावडं मोडलं तर जेवणाच्या थाळीनं खणलं, पोराला ओढून काढलं, निळा पडलेला, पाय मोडलेला, पण जिवंत. आजही पुण्यात काठी घेऊन फिरतो आणि कुकर — आणि फोनवर दत्ताशी तासतास बोलतो. ह्या मजल्यावर फोन माझ्याकडेच ना, ट्रंककॉल इथूनच लागतो, त्या दिवशी मी चवळी शिजायला ठेवली होती — हं. कळलं तुम्हाला. बरं, माझाच कुकर. पण मी फक्त सुनंदाला सांगितलं होतं, एका सुनंदाला, आणि तेही काळजीनं. पुढचं दत्तानं सांगितलं नाही, ताट उचलून गेला, पण मला काय समजत नाही? खांद्यावर घेऊन उतरला असणार दोस्ताला, क्षणभर सोडलं नसणार. आणि आता ते डोंगराचं वेड खलास. अगदी खलास. बूट विकायला काढलेत. दर शुक्रवारी वीस किलो तांदळाची गोणी पाठीवर घेऊन चार जिने दहादा चढतो ते — ते आपलं तब्येतीसाठी. असे बघू नका हो माझ्याकडे.

आला बघा. दत्ता, इकडे ये, आधी इकडे. हे नीलाचे मामा. अरे, त्यांना सांग तू राजनला सोडलं नाहीस म्हणून. काय? सोडलंस? एकट्याला? अठरा तास? मग मला का नाही — तंबूत ठेवून, स्टोव्ह देऊन, स्वतःचे मोजे त्याला घालून खाली गावात गेलास, आणि सकाळी चार माणसं घेऊन वर. हं. म्हणजे सोडलंस, पण परत गेलास. एकट्याला उचलवलं नसतं, ते बरोबर, पण मामांसमोर इतकं सरळ कशाला — बोला मामा, विचारा. परत जाणार का? नाही म्हण रे दत्ता. नाही म्हण. 'जाणार, मामा.' झालं. पाण्यात गेलं माझं सगळं. काय म्हणतोस? नीलाला हे सगळं आधी कळू द्या, पत्रात मीच लिहितो, मग तिनं हो किंवा नाही म्हणावं? अरे, पोरी अशा पत्राला — मामा, तुम्ही हसताय का?

खिशात काय शोधताय? नीलाचा फोटो? बघू, आणा — बरं, आधी त्याला. मागे पत्ता लिहिलाय, होय? दत्ता, घाणेरड्या हातानं धरू नकोस, ग्रीसचे डाग पडतील. कशी आहे? सांग तरी. आता त्याच्याकडे जाऊन बोलता दोघं? जा की. नाही हो, मी कशाला येऊ मागोमाग. मला परात घासायचीय. यल्ला, जा.