पालकसभेला बसणारी बाई

शहाद्याच्या स्टँडवर मी धडगावच्या गाडीची वाट पाहत होते. बाकावर शेजारी एका हायस्कूलच्या नव्या मॅडम आणि त्याच शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या दिवलीबाई बसल्या होत्या.

“काल आलेली बाईच संध्याची आई, हे तुम्हाला कधी कळलं?”

“पोर जेवनी नही, तवय. मी इचारं, मग तिनी सांगं.”

“मी तिला फाटकातूनच परत पाठवलं हो. म्हटलं, संध्याच्या आईला मी ओळखते, तुम्ही त्या नाहीत. ती एक शब्द बोलली नाही.”

“तिले मराठी येत नही, मॅडम. पावरीच बोलस ती.”

“पण दर पालकसभेला तर संध्याजवळ तुम्हीच बसता. रजिस्टरमध्ये पालक म्हणून अंगठाही तुमचाच आहे.”

“माय-बाप गुजरातमा ऊस तोडाले जातस, आत्तेच घर उनात. पोर एकटी बसे, म्हणून मी तिनाजोडे बसनू. क्लार्क भाऊ बोलना, रकाना रिकामा नको.”

“संध्यानं तरी मला सांगायचं.”

“ती पण माले मायच म्हणस.”

“तिची आई शिपायाजवळ पिशवी ठेवून गेली, त्यात काय होतं?”

“नवा ड्रेस. पोरले लहान पडना.”

“आता तिच्या घरी जाऊन मी माफी कशी मागू?”

“तुम्ही मराठीत बोला. मी पावरीत सांगसू.”

“आणि तिनं तुम्हालाच विचारलं, तू कोण, तर?”

“तेच माले समजी नही ऱ्हायनं, मॅडम.”