चिंधी न बांधलेल्या बारा येली

माझं म्हायेर अक्कलकोटच्या पल्याड, घरात सगळी कानडी बोलणारी, आन् दिलं मला हिकडं मराठीत. लग्नात अव्वानं, म्हंजी माझ्या आयनं, लुगड्यासंगं काळ्या द्राक्षाच्या काड्या दिल्या, वल्या फडक्यात बांधून. म्हणली, लाव, ही मरायची न्हाय. काय सांगू तुमाला, मरंना की खरंच! बहात्तरच्या दुष्काळात हिरीनं तळ गाठला, तवा भांडी धुतल्यालं पाणी घालून घालून जगीवली मी. तसंच खावा, सरबत करा, रस आटवून चपातीसंगं खावा, कशालाबी चालतंय ते द्राक्ष.

मग धाकट्या दिरानं माझ्या येलींच्या मधल्या मोकळ्या जागंत पांढरी लावली, बिनबियांची. ती धराय लागली तसा म्हणला, काळी काढून टाकू, आंबट हाय, बी हाय, लोक हसत्यात. घाम माझा, आन् लोक ह्येला हसत्यात! आमचे मालक मान खाली घालून बसले, एक शबुद न्हाय.

छाटणी झाली की येलीला पान ऱ्हात न्हाय, नुसती काटकं. काळी कंची, पांढरी कंची, एका बाप्याला वळखंना! दीर म्हणला, वहिनी, काळ्या येलींना चिंध्या बांधा, गडी चिंधी बघून उपटतील. म्हंजी माझ्याच हातानं! मला साल बघून कळतं, पर ह्यास्नी इतक्या वर्सांत कधी वाकून बघावं वाटलं न्हाय. बांधल्या चिंध्या. पर बारा येली सोडल्या. व्हय, सोडल्या, चोरी हाय व्हय?

पंधरा दिसांनी पानं फुटली आन् दीर बोंबलला, वहिनीनं घात केला. मालकांस्नीबी तवाच तोंड फुटलं! पर आता पालवी फुटल्यावर उपटावं तर शेजारच्या पांढरीची मुळं दुखावतील, म्हणून ऱ्हायल्या माझ्या बारा. त्याच साली आभाळ आलं ते हटंना, पांढरीवर केवड्याचा रोग पडला, घड सडून गळालं. माझ्या बारा लगडल्या.

शेतीखात्याचा साहेब बघाय आला तर दीर फेटा बांधून म्होरं. म्हणतोय, ही मी मुद्दाम राखली. मी चहा घेऊन उभी. कपबशी तितंच आपटली, म्हणलं, साहेब, छाटणी झाल्यावर या, आन् ह्येला वळखाय सांगा.

काल दीर आला, हातात चिंध्या. वहिनी, औंदा पांढरी काढायची, तेवढी वळखून द्या. म्हणलं, हितं बस, साल बघाय शीक, मी मेल्यावर काय चिंध्या बांधाय येऊ? बसला. दोनदा चुकला. माझ्या अव्वाची काळी जगू दे, मग कुणीबी फेटा बांधू दे.