डोकं चालावं म्हणून

खालापूरला दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी नातीला घेऊन उभी होती. माझ्या मागच्या बाईनं तिला विचारलं,

"मावशी, पोरीला काय झालं?"

"पोट दुखतंय गं. नि दुसरीत गेली तरी अक्षर ध्यानात राहत नाय. डॉक्टर म्हनतो, रगतात शिसं हाय."

"अगं बाई! कुठनं आलं?"

"त्यालाच सापडत नाय. भिंतीला रंग कसला, म्हनं. आमी मातीनं सारवतो. कुंकू कुठलं, म्हनं. पोर टिकली लावते."

"मग आता?"

"घरचा उपाय दोन वर्षं चालूच हाय. मासं खाल्लं की डोकं चालतं. त्यापायी तिच्या बापानं नवं जाळं केलं. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या पट्ट्या माझ्या चुलीवर वितळवतो, नि जाळ्याला वजनाच्या गोळ्या ओततो."

"हौशी हाय की."

"पोरगी त्याच्याहून! एकेक गोळी दातानं दाबून दोरीला तीच बसवते."

"डॉक्टरला सांगितलं?"

"सांगितलं ना, रोज मासं घालतो म्हनून. खूश झाला."

"नि जाळ्याचं?"

"जाळ्यातलं त्याला काय कळतंय?"