टेपावरची हजेरी

कोंडामावशे, घमेलं डोईवर घे, दात मिट! आमचा रोजगार सेवक फोटूसाठी मोबाईल धरून वरडत हुता, अन् आमी बारा जणी टेपाच्या, म्हंजी टेकाडाच्या, शेंड्यावर, वारा असा की लुगड्यासकट महाडात जाऊन पडावं.

काय सांगू तुमाला, माझा जल्म हिर्डोशीच्या वरल्या अंगाचा, सुइनीच्या हाताला म्हनं आदी माझं फावडं लागलं, मग मी. सासर त्याच डोंगरात. भात झोडलं, नाचणी झोडली, की हमीच्या कामाला जायचं, चाळीस वर्सं गेली. आदी मुकादम तोंड बघून हजेरी मांडायचा. आता सरकारला फोटू लागतो, दिसातनं दोनदा. बांधाचं काम खाली वढ्यात, अन् रेंज वर टेपावर. घमेली घेऊन तासभर चढा, फोटू काढा, उतरा, चार पाट्या माती टाकली की दुपारचा फोटू, पुन्यांदा चढा. देवाच्या गाभाऱ्यालाबी एवढ्या खेपा न्हाई घातल्या म्या.

हे काम गेलं तर माझ्या सुनंसारखं कंत्राटदाराच्या टेम्पोत उभं ऱ्हावं लागंल. तिचं नाव कुठल्या कागदावर न्हाई, उद्या ये म्हनला तर काम, न्हाई तर घर. अन् साठीच्या बाईला तर टेम्पोतबी कोन चढू देत न्हाई.

मग म्या म्हनलं, बायांनो, कामच वर न्या की. वढ्यात बांध काय अन् टेपावर चर काय, माती उपसायचीच हाय. सेवकालाबी चढायचा कंटाळा, त्यानं मान हलवली. बारा दिस असा चर खांदला, लिहून घ्या, आत हत्ती निजला तर सोंड दिसायची न्हाई. फोटू टायमात, हजेरी फुल्ल.

तेराव्या दिशी तालुक्याचं सायेब आलं. वढ्यात बघत्यात तर कोरडी वाळू. काम कुठंय? वर हाय, चला. सायेब फुडं, पोट मागनं, न्हाई न्हाई, पोटच फुडं. वर येऊन म्हनले, ही जागा मंजूर नाही, सगळ्यांची हजेरी रद्द.

म्या अशी भडकले की पल्याडच्या वाडीतली कुत्री उठली. वढ्यात तुमची रेंज न्हाई, टेपावर तुमची मंजुरी न्हाई, मग राबायचं कुठं, मोबाईलच्या पोटात? तुमचं टेबल आना वढ्यात, चढा दिसातनं दोनदा, मग घ्या पगार! बारा जनींचे बारा दिस कुनी खाल्ले, सांगा!

सायबानं घाम पुसला, मोबाईल बघितला अन् म्हनले, तक्रार ऑनलाइन करा, मावशी. इथे रेंज आहे.