हरभऱ्यातला पोकळ माणूस

—मोबाईल फेकला न्हाई गं, हातातून सुटला. घे, बघ, काच फुटली न्हाई, मेंढरांच्या लेंड्यांत पडला म्हणून वाचला. थांब, पदरानं पुसून देते. आन् असं बघू नको माझ्याकडं. मी फेकलेली वस्तू अशी पायापाशी पडत नसती, माय, ते तुला म्हाईत हाय. तुझा खेळ बिघडलाय. काल बरा व्हता, आज बिघडलाय. — काय? काल बिघडलेला व्हता आन् आज नीट केलास? बरं. नीट केलास. मग मला सांग, त्यो माणूस मेला कामून?

वही काढ. काढ ना, तूच म्हणली व्हतीस, भिवराबाई, खेळात काय खटकलं की सांगायचं, मी लिहून घेते आन् नीट करते. आठ दिवस झाले, तुझ्या मोबाईलवर आमी तिघी धनगरणी बोरीहून येलदरी धरणाच्या पाण्यावर मेंढरं न्यायलोय — मी, पंचफुला, शालू. माझ्या घरच्यांना वाटायलंय भिवरा येडी झाली. पहिल्यांदा लांडगा येतो. लांडग्याचं बरोबर हाय, त्याला हात लावू नको. कुऱ्हाड फेकली की बरगडीत बसती, किंचाळतो, उलटा पडतो, पाय झाडतो. मी चौतीस मारले आठ दिवसांत, पंचफुलानं नऊ. लय बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. खऱ्या लांडग्यानं माझी वीस कोकरं फाडली आजवर, एकाची तर आतडी मी ह्या हातानं आत ढकलली व्हती आन् घोंगडीच्या दोऱ्यानं शिवलं व्हतं, तरी मेलं. मग मोबाईलातला लांडगा मारला तर काय पाप लागतंय?

मग डांबरी सडक, ट्रक. तेबी बरोबर. आन् मग येतो हरभरा. हरभऱ्याच्या बांधावर त्यो शेतवाला, पांढरा सदरा, हातात पहार, वाट अडवून उभा. पहिल्या दिवशी काय झालं? मेंढरं त्याच्या अंगात शिरली! कुणाचं मुंडकं त्याच्या पोटातून भाईर, कुणाची शेपटी बगलंतून — शालू हसून हसून लोळली व्हती इथं. शिरली ती अडकली, पुढं जाईनात, कळपाची गिनती भरंना, येलदरीचा रस्ता उघडंना. हात जोडायचं बटण दाबलं तरी त्यो ढिम्म. कुऱ्हाड फेकली तर आरपार, सदऱ्याला धक्का न्हाई. तू डोक्याला हात लावून बसलीस. म्हणलीस, माणूस पोकळ राहिलाय, ह्या एका चुकीनं अख्खा खेळ बंद पडला. आन् मीच म्हणले, बेजार केलं बाई ह्यानं, नीट कर. पंचफुलासमोर, सगळ्यांसमोर म्हणले. म्हणावं लागतं.

खरं सांगू का? मी बेजार न्हवते झाले. मोबाईल माझ्यापाशी ठेवून तुमी सगळ्या गेल्या की मी एकटी बसायची त्या बाभळीखाली आन् फेकायची. एक फेकली, आरपार. तो उभा. दुसरी, आरपार. उभाच. दिवसाला पन्नास येळा फेकली असंल. मानंतून गेली, पाठीतून गेली, डोक्यातून गेली — आन् तो उभा, सदरा पांढराच्या पांढरा. लांडगा मेल्यावर बरं वाटतं, पर हे त्याच्याहून — कसं सांगू तुला. पाण्यात बुडालेलं काहीतरी जितं भाईर यावं तसं. येलदरी गेली चुलीत, मला जायचंच न्हवतं पुढं.

आज सवयीनं फेकली. मला काय म्हाईत तू त्याला भरीव केलंस म्हणून! खच्चकन आवाज आला आन् तो पडला. तोंडावर पडला, हरभऱ्यात, हात पुढं करून. मेंढरं त्याच्या अंगावरून पाय देत गेली पलीकडं आन् वर सोन्याची अक्षरं आली, शाब्बास. शाब्बास म्हणतंय, माय! — हं? मारायचं नसतंय? हात जोडले की आता तो ऐकतो आन् बाजूला सरतो? म्हणजे आधी हात जोडायचे व्हते. कळलं. लोकांना शिकवायचंय तुला, की बोलून मिटतंय. चांगलं शिकून आलीस बेंगलोराहून. किशनराव गुरुजींची लेक शोभतीस.

बरं, ते जाऊ दे. दुसरी चूक लिही. ही पहिल्यापेक्षा मोठी हाय. खेळातला गडी डाव्या हातानं फेकतोय. मुंडासं हाय, मिशा हायेत, तोंड आमच्या मालकांसारखं काढलंस, येडबाचं — घेतलं नाव, ह्या वयात काय लाजायचं — आन् हात डावा. उजवा कर. गडीमाणूस कधी डाव्या हातानं कुऱ्हाड फेकतो का? — कामून म्हणजे? चूक हाय म्हणून. तू प्रत्येकीला कामून इच्चारतीस का? पंचफुला म्हणली कुत्र्याचा रंग बदल, तर लगेच बदललास. लिही. उजवा. — न्हाई, माझ्यासारखाच हाय म्हणून तर म्हणायलेय! मी डावरी, वाकायची तऱ्हा माझी, कोपर माझं, खालून वर यायचं मनगट माझं. पंचफुला पहिल्याच दिवशी म्हणली, अगं, हा तर तुझाच हात हाय. उद्या तू हे शाळेत दाखवणार, परभणीला नेणार, बोरीतलं पोरगं-पोरगं बघणार.

चूक माझीच झाली, कबूल हाय. तू आलती मालकांची फेक मोबाईलात उतरवून घ्यायला, खेळातल्या गड्यासाठी. सगळे त्यांच्याकडंच बोट दाखवतात ना, कुऱ्हाड म्हणलं की येडबा. एक खून आन् नऊ वर्षं जेल, नाव तर व्हणारच. त्यांनी न्हाई म्हणलं, तू ऐकंनास. मग उभे राहिले ह्या बाभळीसमोर आन् तीन येळा फेकली — तिन्ही येळा दांडा लागला. एकदा तर कुऱ्हाड भुईला. तू हसली न्हाईस, पर शालू हसली. आन् मला बघवंना. काय म्हणावं ह्या जिवाला — आण इकडं, म्हणले, आन् हिसकली. पातं चार बोटं आत बसलं, काढायला तुला दोन हात लागले. तू टाळ्या वाजवल्यास. वीस येळा फेकायला लावलंस, मीबी फेकली, पोरीवानी. मालकांच्या तोंडाकडं मी बघितलंच न्हाई. रात्री जेवले न्हाईत ते. एवढंच म्हणले, भिवरा, नऊ वर्षं मी कशासाठी काढली?

— काय न्हाई. काय म्हणले मी? काय न्हाई.

तसं बघू नको, उत्तरा.

त्या दिवशी त्यांनीच मारलं, सगळ्यांना म्हाईत हाय, कोर्टात कबूल केलं त्यांनी. उद्धवरावाचा हरभरा व्हता, घाटे भरलेले, आमची दोनशे मेंढरं शिरली. शिरली, खोटं न्हाई, माझा डोळा लागला व्हता. तो आला पहार घेऊन. आधी मेंढीला घातली, गाभण मेंढी, कंबर मोडली तिची, मागचं अंग ओढत ती दोन पायांवर वीस हात गेली आन् तिथंच पडली, पोटातलं हलायचं थांबंना. मालक आडवे झाले तर पहार खांद्यात बसली. उजव्या. बाभळीची वाळली फांदी मोडती तसा आवाज. दुसरी मांडीवर. तिसरी कुठं बसली मला म्हाईत न्हाई, मालक खाली, नाकातोंडातून रगत, आन् त्यानं मानंवर पाय दिला. माती खा म्हणला. खा, हरभरा खाल्लास ना, आता माती खा. आन् मालकांनी खाल्ली, माय. माझ्यासमोर खाल्ली. मग त्यांनी कुऱ्हाड उचलली आन्—

— मोडलेल्या खांद्यानं कशी उचलली? तू इच्चारायलीस. पोलिसांनी न्हाई इच्चारलं, वकिलानं न्हाई इच्चारलं. माणूस सोता म्हणतोय मी मारला, मग त्याचा खांदा कोण बघतो? प्लास्टर घातलं आन् नेलं. एकोणीस वर्षांत तू पहिली.

मी हात जोडले व्हते. ते तुझं बटण हाय ना, ते मी तवा दाबलं. त्याच्या पायावर डोकं घातलं, म्हणले, सोडा दादा, सगळी मेंढरं घ्या, माझा माणूस सोडा. दादा म्हणले मी त्याला. आन् लोक समजतात त्यानं ऐकलं न्हाई. मालकबी वकिलाला तसंच म्हणले. पर ऐकलं त्यानं. हाव. पाय काढला. पहार खांद्यावर घेतली, थुंकला आन् वळला. बांधावर त्याची लेक आलती, आठ वर्षांची, डोक्यावर भाकरीचं टोपलं. तिला बघून वळला का माझं ऐकून वळला, देव जाणे. तिच्याकडं निघाला. चार पावलं गेला. पाच.

तुझ्या खेळात हात जोडले की तो बाजूला सरतो म्हणतीस. तवाबी सरला व्हता, माय. वाट मोकळी व्हती. मालक जिते व्हते. मेंढरं घेऊन निघायचं एवढंच राहिलं व्हतं.

आन् माझा हात गेला कुऱ्हाडीकडं. हा. हाच. त्यो पाठमोरा, पांढरा सदरा, आन् मला आठवतंय, मी नेम धरला. अंगात आलं, कळलं न्हाई, असलं काय न्हाई. लांडग्यावर धरते तसा नेम धरला, श्वास रोखला. मानंच्या खाली बसली. तोंडावर पडला, हात पुढं करून, जसा आज मोबाईलात पडला तस्साच — तुला कुणी सांगितलं असं पाडायला? कुणीच न्हाई? मग कसं काय गं.

मालक सरपटत गेले आन् त्यांनी डाव्या हातानं दांडा धरला. लोकं धावत येईपर्यंत धरून बसले. मला म्हणले, रामहरी तान्हा हाय, अंगावर पितोय, तू गप. तेवढंच. वार मागून हाय म्हणून सजा वाढली, तरी बोलले न्हाईत. आत असताना खांदा वाकडाच जुळला, आता भाकरी मोडायलाबी डावा हात घेतात.

म्हणून म्हणते उजवा कर. माझ्यासाठी न्हाई. मला काय, नेलं तर नेऊ दे, साठी जवळ आली. पर एका माणसानं नऊ वर्षं जाळली ती तुझ्या मोबाईलात वाया जायला नकोत. गावात कुणी ओळखलं न्हाई आजवर. बघणारी एकच व्हती, आन् तिला कुणी इच्चारलंच न्हाई, लेकरू म्हणून. कावेरी, उद्धवरावाची लेक. तू खेळ दाखवणार त्याच शाळेत मास्तरीण हाय ना आता? समोरून आली की मी सडक बदलते. बाकी कुणाला दाखव, तिला तेवढा दाखवू नको. हात उजवा झाल्याबिगर—

— दाखवला? कधी?

सोमवारी? आज तर गुरुवार हाय. तीन दिवस झाले आन् तू आता सांगायलीस?

कुठला, तो जुना? पोकळ माणूस व्हता तवाचा? … बरं. आन् मग? हसली का, मेंढरं अडकली तवा? … न्हाई हसली. … फेकली तिनं? कुऱ्हाड? कितींदा? … मोजली न्हाईस. लय येळा. पोरं घरी गेली तरी बसली व्हती. वर्गात एकटी.

आन् तो उभाच.

काय म्हणली? आठव नीट. तू इच्चारलं असशील ना, मॅडम, काय चूक सापडली का म्हणून. तिलाबी इच्चारलं असशील. … पुन्हा सांग. … "हात बरोबर आहे. बदलू नका." एवढंच. आन् माणसाचं? माणूस पोकळ हाय, नीट करते म्हणलीस तवा? … मोबाईल परत देईना लवकर.

उजव्या हाताचं लिहिलंस ते खोड. खोड म्हणते ना. नीट गिरगटून खोड, वाचता येऊ नये असं. आन् त्याला परत पोकळ कर, माय, तुझ्याच्यानं व्हत असंल तर. खेळ अडकंना का. ज्याला येलदरीला जायचं त्याला दुसरी वाट काढून दे.

ते बघ, धूळ उडायलीय, मालक पाण्यावरून परत आले. मोबाईल ठेव पिशवीत. वहीबी ठेव. डोळे पूस, त्यांना कळंल. एवढंच सांग जाता जाता, शाळा किती वाजता सुटती?

… पाचला. बरं. आज सडक बदलायची न्हाई.

जा तू आता.