दुसरा ब्रेक

बाबा : परत एकदा करू. ही खुर्ची म्हणजे शाळेचं गेट आणि तू पहिलीतली मुलगी.

मुलगी : ती मी आहेच. तू नीट कर. मघाशी तू गेटच्या आत आलास.

बाबा : जरासाच. दप्तर द्यायला.

मुलगी : दप्तर माझ्या पाठीवर होतं.

आई : अहो, सापडलात. मी इथून ओट्यापाशी सगळं ऐकतेय.

बाबा : तुम्ही दोघी एक झालात की माझं काही खरं नाही.

मुलगी : गेल्या वर्षी बालवाडीत तू काय केलंस, सांगू?

बाबा : नको.

मुलगी : खिडकीबाहेर उभा राहिलास. मी छान मातीचा हत्ती करत होते. मग तुझं डोकं दिसलं आणि मला रडू आलं. माझं बघून सगळा वर्ग रडला.

आई : बाईंचा मला फोन. म्हणाल्या, मुलगी राहू दे, तिच्या वडिलांना तेवढं घेऊन जा.

बाबा : हसा. मला काळजी वाटते गं. नवी शाळा, एवढी मोठी इमारत, ओळखीचं कोणी नाही.

मुलगी : तुझ्याकडे गाडी शिकायला येतात त्यांना तरी कुठे काही येतं? ती बँकेतली काकू तर गाडी सुरू व्हायच्या आधीच घामाघूम झाली होती. तूच सांगितलंस.

बाबा : ते वेगळं. तिच्या शेजारी मी बसतो. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तुझ्या वर्गात मला कोण बसू देणार?

मुलगी : बाकावर मावणारच नाहीस तू.

आई : त्या काकूंना गाडी कधी यायला लागली, तेही सांगा की तिला.

बाबा : तू गप्प बस ना.

मुलगी : कधी?

बाबा : मी सारखा ब्रेक दाबायचो. तिला वाटायचं, आपल्याला हे जमणारच नाही. मग एक दिवस मी पाय आखडून बसलो. जीव मुठीत धरून. आणि तिने चौकातून गाडी अशी सुरेख वळवली!

मुलगी : मग उद्या गेटपाशी पण पाय आखडून घे.

आई : आता बोला.

बाबा : काय बोलणार? जा बाई. मी खुर्चीच्या पुढे येत नाही.

(मुलगी दप्तर सावरत खुर्चीपलीकडे जाते. बाबा पाठ फिरवून दाराकडे चालू लागतो.)

आई : अगं बाई, खरंच निघाले की.

मुलगी : बाबा.

बाबा : मी मागे बघितलं नाही हं.

मुलगी : मला पण थोडी भीती वाटते.

बाबा : मग येऊ का आत?

मुलगी : नको. पण खूपच रडू आलं तर बाई तुला फोन करतील ना?

बाबा : करतील. असेन तिथून येईन. शिकणाऱ्याला रस्त्याच्या कडेला थांबवून येईन.

मुलगी : मग झालं तर. तू पाय तेवढा उचल, बाबा. ब्रेक असू दे.